अर्धा सूर खाली

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको – मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. परभणीत माझं चष्म्याचं दुकान आहे. दारात लिंबू-मिरची नाही. अमावस्येला मी खुशाल नव्या मालाची खोकी फोडतो. मागे एकदा आमच्या गल्लीच्या चौकात कुणीतरी उतरवून टाकलेला नारळ दिसला, तो मी घरी आणला आणि चटणी वाटायला दिली... बायको त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हती, तो भाग वेगळा. 'दिसल्यासारखं वाटतं' आणि 'दिसतं' यातला फरक लोकांना सांगणं हाच माझा धंदा आहे. या सदरातले अनुभवसुद्धा मी दुकानात गिऱ्हाईक नसलं की वाचतो आणि लिहिणाऱ्याचा नंबर किती असेल याचा अंदाज बांधत बसतो.

तेव्हा आज मीच लिहायला बसलोय याची जरा लाज वाटतेय. पण खरी लाज वेगळ्याच गोष्टीची आहे, ती पुढे येईलच.

आमचा एक रॉक बँड होता. हसू नका. आम्ही कॉलेजात असताना परभणीत रॉक बँड म्हणजे लग्नात बँजो वाजवणाऱ्यांचं काहीतरी असणार असंच लोकांना वाटायचं, आणि एका काकांनी खरंच आम्हाला वरातीची सुपारी विचारली होती. पण होता. सेलूकडचा एक कार्यक्रम आटोपून आम्ही चौघं देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघत बसलो होतो, गाडी काही येईना, तेव्हा तिथंच बसल्या बसल्या बँडचं नाव 'फाटा' ठरलं. मी गिटार, माजिद ड्रम, विश्वास बेस गिटार. आणि गाणारा दत्ता.

गाणीही सगळी दत्ताचीच, शब्द त्याचे आणि चालीही त्याच्याच. दत्ता पालमचा, घरी मेंढरं. लहानपणापासून या बांधावरून त्या बांधावरच्या मेंढरांना हाळी देऊन देऊन तयार झालेला आवाज होता तो. माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जायचा, आणि माईक बंद पडायचाच, कारण लाईट जायची. 'लोडशेडिंग' हे त्याचं गाणं आमच्या कॉलेजात सगळ्यांना पाठ होतं. 'लाईट गेली तर जाऊ द्या, आवाज तर हाय ना' – इथं सगळ्या पोरांचं बाकं बडवणं सुरू व्हायचं.

आता एक छोटी तांत्रिक गोष्ट सांगतो, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. गिटारची सगळ्यात जाड तार साधारणपणे ज्या सुराला लावतात, त्याला आपले पेटीवाले 'पांढरी तीन' म्हणतात. दत्ताचा आवाज खालचा आणि रुंद, वर चढताना त्याला त्रास व्हायचा. म्हणून मी सहाच्या सहा तारा अर्धा सूर उतरवून 'काळी दोन'ला लावायचो, आणि विश्वासही तसंच करायचा. आम्ही त्याला दत्ताची पट्टी म्हणायचो. आमची सगळी गाणी त्याच पट्टीतली.

पुढे जे सगळ्यांचं होतं तेच झालं. मी दुकान टाकलं, माजिदनं गाड्यांच्या सीट कव्हरचं काम सुरू केलं, विश्वास शिकवायला लागला, दत्ता पालमला परत गेला आणि किराणा दुकान आणि मेंढरं सांभाळायला लागला. गिटार कपाटावर गेली. आणि काही वर्षांपूर्वी दत्ताच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज, तीही समोर बसून कान दिला तरच कळणारी. मी तेव्हा सफरचंदं घेऊन एकदा जाऊन आलो. त्यानंतर जाणं झालं नाही. 'झालं नाही' म्हणजे मी गेलो नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला आणि आयोजकांनी विश्वासला गळ घातली – तुमचा बँड परत उभा करा, चार गाणी वाजवा. विश्वासनं मला दुकानात येऊन सांगितलं. मी समोरच्या गिऱ्हाइकाला चुकीची फ्रेम दिली, एवढा आनंद झाला मला! त्याच संध्याकाळी गिटार कपाटावरून खाली काढली. बोटांची कातडी मऊ पडलेली, दोन गाणी वाजवली की बोटं हुळहुळायची. गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्या नीट दिसेनात म्हणून मी स्वतःसाठी खास गिटारच्या अंतराचा चष्मा बनवून घेतला. बायको म्हणाली, "लोक नातवंडं खेळवायच्या तयारीला लागलेत, आणि हे बघा." पण सांगतो, त्या तारांवर हात ठेवला आणि कितीतरी वर्षांनी मला मी दिसलो.

विश्वासची एकच अट होती. "दत्ताला विचारल्याशिवाय मी त्याची गाणी वाजवणार न्हाई."

"मी जाऊन विचारतो ना," मी म्हणालो. "माझ्याशी त्याचं जास्त होतं."

मी गेलो नाही. फोनवर दत्ताचं बोलणं कळत नाही, म्हणजे जाणं भाग होतं, आणि पालम काही लांब नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. आवाज गेलेल्या माणसाला 'आम्ही तुझी गाणी दुसऱ्याच्या आवाजात गाणार आहोत' कसं सांगायचं, असं मी मनाला सांगत होतो. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की मला भीती वाटत होती तो नाही म्हणेल. आणि मला वाजवायचं होतं.

शेवटी माजिदनं विचारलं, "क्या बोल्या रे दत्ता?"

आणि मी सांगितलं – "बिनधास्त वाजवा म्हणाला." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी दत्ताच्या कुजबुजीची नक्कल केली. गळ्यावर हात ठेवला, आवाज बारीक केला, आणि म्हणालो, "वाजवा रे... माझा आवाज आता तुमच्या हातात हाय." माजिदच्या डोळ्यांत पाणी आलं. विश्वास उठून खिडकीकडे गेला. आणि माझ्याही डोळ्यांत आलं, ही सगळ्यात वाईट गोष्ट.

गायला वैशालीताई आल्या. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात गातात, भजनी मंडळातही गातात, आवाज टणटणीत. त्यांची पट्टी वर. त्यांनी पेटीवर दोन सूर घेऊन बघितले आणि म्हणाल्या, "दादा, मला पांढरी तीनच लागंल. खाली मला जमत न्हाई." अडचण काहीच नव्हती. उलट गिटारच्या नेहमीच्या ट्यूनिंगला यायचं होतं. मी सगळ्या तारा अर्धा सूर चढवल्या.

दर शुक्रवारी माजिदचं दुकान बंद. तो जुम्म्याची नमाज पढून आला की मागच्या गोदामात, सीटच्या फोममध्ये, आमची प्रॅक्टिस. फोममुळे आवाज बाहेर जात नाही आणि हवा आत येत नाही. मे महिन्यातली परभणी ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको.

पहिल्याच शुक्रवारी 'लोडशेडिंग' अर्ध्यावर आलं आणि वैशालीताईंनी हात वर केला.

"दादा, तुमची गिटार उतरलीय."

मी तार छेडली. खरंच उतरली होती. नव्या तारा ताणून थोड्या उतरतातच. मी परत चढवल्या. पुन्हा गाणं सुरू केलं, पुन्हा अर्ध्यावर त्यांनी पेटीचा सूर दाबून धरला. "बगा. काळी दोनला बोलायलीय."

काळी दोन म्हटल्यावर विश्वासनं माझ्याकडे बघितलं. वैशालीताईंना आमच्या जुन्या पट्टीबद्दल काही माहीत नव्हतं. आम्ही कुणी सांगितलंच नव्हतं.

"अबे, गर्मी हाय," माजिद म्हणाला. "मेरा ड्रम का चमडा बी ढीला पड़्या."

मलाही तेच वाटलं. फक्त एक गोष्ट खटकली. उन्हानं तारा उतरल्या तर त्या बेसूर होतात, कारण प्रत्येक तार वेगळ्या जाडीची, प्रत्येकीचा ताण वेगळा. एक थोडी उतरेल, दुसरी जास्त. मी गिटारला चिमट्यासारखा लागणारा ट्यूनर लावून बघितला. सहाच्या सहा तारा बरोबर अर्धा सूर खाली होत्या, केसभरही इकडे तिकडे नाही. मी हातानं लावल्या असत्या तरी इतक्या स्वच्छ लागल्या नसत्या.

पुढच्या शुक्रवारी तेच. मधल्या दिवसांत घरी वाजवत होतो तेव्हा एकदाही नाही. गोदामातही वैशालीताईंनी आवाज लावून बघायला जुनी भक्तिगीतं घेतली, तेव्हा नाही. दत्ताचं गाणं सुरू झालं की गिटार अर्धा सूर खाली. विश्वासचा बेस जागच्या जागी.

मला वाटलं माजिदची चेष्टा आहे. कॉलेजात त्यानं माझ्या गिटारमध्ये जिवंत बेडूक सोडला होता, त्यामुळे संशयाला जागा होती. "मैं कुछ नई किया रे, अल्ला कसम," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा बघून मला ते पटलं.

मग मी माझ्या धंद्यातली अक्कल वापरली. चष्म्याच्या काचेवर बुबुळाच्या मध्याची खूण करायला आमच्याकडे एक बारीक मार्कर असतो. गिटारच्या तारा ज्या किल्ल्या पिळून घट्ट-सैल करतात, त्या प्रत्येक किल्लीवर आणि तिच्या शेजारच्या लाकडावर मिळून मी एक एक सरळ रेघ मारली. किल्ली जराशी जरी फिरली तरी रेघ तुटणार. त्या शुक्रवारी गिटार माझ्या मांडीवरून मी खाली ठेवली नाही. 'लोडशेडिंग' सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला माझ्या बोटांखाली तारा मऊ झाल्या... हे कसं सांगू, दोरीवरचे कपडे काढल्यावर दोरी हाताला लागते तशा. मी वाजवायचं थांबवलं. ट्यूनरवर काळी दोन. आणि सगळ्या रेघा सरळ होत्या. एकही किल्ली फिरली नव्हती.

वैशालीताईंनी पेटीचा भाता बंद केला.

"दत्ता की पट्टी हाय ना ये," माजिद हळूच म्हणाला. आणि मग हसून – "साला, आशीर्वाद द्यायला आलाय तो!"

ते तिघंही त्या विचारानं खूश झाले. दत्तानं परवानगी दिलीय, वरून साथही करायलाय! वैशालीताईंनी तर हात जोडले. मी एकटाच असा होतो ज्याला माहीत होतं की दत्तानं काहीही दिलेलं नाही.

आणि त्याच आठवड्यात मेळाव्याच्या फ्लेक्सचं डिझाईन मोबाईलवर आलं. आपल्याकडे फ्लेक्सवर फोटो नसेल तर कार्यक्रम झाल्यासारखाच वाटत नाही. वर वैशालीताई धरून आम्हा चौघांचे गिटार-ड्रमसकटचे फोटो, आणि खाली कोपऱ्यात, गोल चौकटीत, दत्ता. कॉलेजातला जुना फोटो, तोंडाशी माईक. त्याखाली 'शुभेच्छुक', आणि त्याखाली अवतरणचिन्हांत – माझा आवाज आता तुमच्या हातात हाय.

विश्वासनं मोठ्या प्रेमानं ते छापायला दिलं होतं. माझं वाक्य, दत्ताच्या तोंडाखाली. गावोगावचे जुने विद्यार्थी, त्यातले दोन-चार तरी पालमचे. फ्लेक्स लागण्याआधी मी पोचलो नाही तर दत्ता स्वतःचा आशीर्वाद दुसऱ्याच्या मोबाईलवर वाचणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पालमची एसटी पकडली. गाडीत सगळा वेळ मी विचार करत होतो की हे सरप्राईज म्हणून कसं सांगता येईल. हो, तेव्हासुद्धा.

दत्ताचं दुकान रस्त्यालगतच. तो ओट्यावर बसला होता. मला बघून उठला, दोन्ही हातांनी माझे खांदे धरले, आणि तोंडाचा मोठा आ करून हसला, आवाज न करता. गळ्यावर व्रण होता. घरामागं मेंढरं होती. एक कोकरू दुकानाच्या दाराशी आलं तर त्यानं दोनदा टाळी वाजवली आणि ते वळून परत गेलं. त्याची मेंढरं आता टाळीवर वळतात.

दत्ताच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, चहा ठेवला. दत्ता दुकानात एका गिऱ्हाइकाला साखर द्यायला गेला, तेवढ्यात त्या दाराशी येऊन खाली आवाजात बोलल्या.

"बरं झालं आलात भाऊजी. तुमाला फोन करायचाच इचार होता माझा. ह्यांचं काहीतरी बिघडायलंय."

"काय झालं?"

"शुक्रवारचं. दुपारची नमाज झाली की थोड्या टायमानं हे ओट्यावर जाऊन बसतेत. डोळे मिटतेत अन् होठ हलवायलेत. आवाज तर न्हाई, पण गाणं म्हणल्यावानी. मान हलती, पायानं ठेका धरतेत. मागल्या खेपेला तर गळ्याच्या शिरा अशा फुगल्या की मी भेले. रात्री म्हणायले गळा दुखायलाय. आता तुमीच सांगा, ज्याच्या गळ्यात आवाजच न्हाई त्याचा गळा गाऊन दुखंल का?"

"कधीपासून?"

"मे लागला तवापासून. दुसऱ्या कोणत्या वारी न्हाई, फकस्त शुक्रवारी. मी इचारलं काय करायलात, तर म्हणले, मला वाटायलंय मागं कुणीतरी वाजवायलंय."

मी कपबशी खाली ठेवली. पालममध्ये आमच्या प्रॅक्टिसबद्दल कुणालाही माहीत नव्हतं. म्हणजे मला तरी तसं वाटत होतं. मी वहिनींना विचारलं, परभणीहून कुणाचा फोन, कुणाचं येणं? त्या म्हणाल्या, कुणाचंच न्हाई, तुमचं तरी कुठं होतं?

दत्ता परत येऊन शेजारी बसला. आणि मी सरप्राईज विसरून गेलो. सगळं सांगितलं. मेळावा, वैशालीताई, गोदाम, गिटारचं उतरणं, किल्ल्यांवरच्या रेघा. आणि शेवटी ते. मी आलो नव्हतो. आलो म्हणून सांगितलं. तू काय म्हणालास तेही मीच ठरवलं. मोबाईल काढून फ्लेक्स त्याच्या हातात दिला.

त्यानं तो लांब धरून वाचला. जवळचा चष्मा लागलाय त्याला, माझ्या लगेच लक्षात आलं, आणि इतकी वर्षं मी त्याला एक चष्मासुद्धा करून दिला नव्हता. मग त्यानं विचारलं, "असं म्हणलो मी?"

मी त्याच्या तोंडाजवळ कान नेला होता. मी म्हणालो, "न्हाई."

"कसं म्हणलो? करून दाखव."

मी मोबाईल परत घेतला. त्यानं हातानं पुन्हा खूण केली – दाखव. मी मान खाली घातली. तेवढ्यात तो समजायचं ते समजला. नक्कल केल्याचं मी त्याला सांगितलं नव्हतं.

मग त्यानं माझा शर्ट धरून मला जवळ ओढलं आणि सावकाश, एकेक शब्द मोकळा करत बोलला, म्हणजे माझ्याकडून काही सुटू नये.

"आवाज गेला तवा म्हणलं, जाऊ दे. बोलणं तर माझं हाय. तू तेबी घेतलंस?"

त्यानं शर्ट सोडला.

"इचारलं असतंस तर हो म्हणलो असतो, अन्या. नाचलो असतो." त्याला धाप लागली. थोडा थांबून त्यानं मान हलवली. "आता न्हाई."

बस एवढंच. रागावला नाही, हाकलून दिलं नाही. वहिनींनी जेवायला वाढलं, मी जेवलो. एसटीत बसवायला तो फाट्यापर्यंत आला आणि गाडी हलेपर्यंत थांबला.

परभणीत येऊन मी तिघांना सगळं खरं सांगितलं. विश्वासनं आधी फ्लेक्सवाल्याला फोन करून दत्ताचा फोटो काढायला लावला, मगच माझ्याशी बोलला, तेही थोडंच. माजिद ड्रमवर कापड टाकत होता. जाताना म्हणाला, "उसकी आवाज में बोल्या रे तू... मैं रोया था." मला त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मेळाव्यात आम्ही दत्ताचं एकही गाणं वाजवलं नाही. वैशालीताईंनी जुनी फिल्मी गाणी म्हटली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मागून एकानं 'लोडशेडिंग' म्हणून ओरडा केला, मी ऐकू न आल्यासारखं केलं. सबंध कार्यक्रमात माझी गिटार जराही उतरली नाही. सगळे म्हणाले, अन्या, काय वाजवलंस! मला तो सबंध कार्यक्रम कधी एकदा संपतोय असं झालं होतं.

त्यानंतर पंधरवड्यानं सुमनवहिनींचा फोन आला. त्या बिचाऱ्या खुशीत होत्या. "भाऊजी, तुमी येऊन गेलात अन् ह्यांचं थांबलं बगा. आता शुक्रवारी होठ हलत न्हाईत. दुकानात गप बसतेत. लय बरं झालं." मी बरं म्हणालो. फोन ठेवल्यावर दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून बसलो. त्याच्याकडे तेवढंच शिल्लक होतं, आणि तेही माझ्यामुळे बंद पडलं.

आता शेवटचं, ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं. वहिनींचा फोन आला त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी दुपारी मी एकट्यानं गिटार काढली आणि स्वतःच्या हातानं सहाही तारा काळी दोनला उतरवल्या. म्हटलं, निदान गिटार तरी त्याच्या पट्टीत असू दे. किल्ल्या फिरवल्या तशा मार्करच्या रेघा तुटल्या, किल्लीवरचा तुकडा एकीकडे, लाकडावरचा दुसरीकडे. गिटार दुकानातल्या फ्रेमच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं, कुलपाची चावी खिशात.

दुसऱ्या दिवशी उघडून तार छेडली. पांढरी तीन.

रेघा तुटलेल्याच होत्या, मी सोडल्या तिथंच. किल्ल्या फिरल्या नव्हत्या आणि तारा वर चढल्या होत्या, सहाच्या सहा. मी परत उतरवल्या, परत चढल्या. तारा बदलल्या, तरी तेच. नांदेडच्या एका गिटार दुरुस्त करणाऱ्याला दाखवली. तो म्हणाला, दादा, तार आपोआप ढिली होते, आपोआप घट्ट होत नसते, तुमी रात्री झोपेत उठून लावता का? बायकोला विचारलं, ती म्हणाली, झोपेत तुम्ही फक्त घोरता.

हे लिहायच्या आधी मात्र मी पालमला जाऊन आलो. चष्मा करून नेला होता, जवळचा. दत्तानं तो घातला, साखरेच्या पुडीवरची बारीक अक्षरं वाचली आणि हसला. मग मी विचारलं – हे सगळं लिहू का? तुझं नाव घालू का? तो विचार करून म्हणाला, "लिही. पण मी म्हणलो तेवढंच लिही."

मी आणखी एक विचारलं. गाण्यांचं काय, अजूनही न्हाईच का? कोकरू दुकानात शिरलं होतं, दत्तानं टाळी वाजवली.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा, पण ते उन्हाचं किंवा लाकडाचं असेल तर ते मी करून बसलोय. मी अजूनही दर शुक्रवारी दुपारी कपाट उघडतो, तारा उतरवतो आणि समोर बसून राहतो. त्याचं 'आता न्हाई' कधीतरी बदलेल अशी आशा आहे, आणि बदललं तर ते आधी गिटारला कळेल असं मला वाटतं. काल शुक्रवार होता. आज सकाळी दुकान उघडल्या उघडल्या आधी कपाटाचं कुलूप काढलं आणि जाड तार छेडली.

पांढरी तीन.